घ, च आणि ज

१

पेटीचं कुलूप शाबूत होतं. म्हणून रुपालीला आधी काही कळलंच नाही.

सोमवारी सकाळी सव्वादहाला, जामखेडच्या कॉलेजात, संख्याशास्त्र विभागाच्या अरुंद खोलीत तिनं कपाटाखालून पत्र्याची पेटी ओढली, कुलूप काढलं आणि रबर लावलेले गठ्ठे टेबलावर मांडायला सुरुवात केली. क, ख, ग. मग एकदम ङ. मग छ. तिला वाटलं, क्रम चुकला असेल. पेटीच्या तळाशी हात फिरवला. टेबलावरचे गठ्ठे पुन्हा मोजले. आठ.

असायला हवे होते अकरा.

घ नव्हता. च नव्हता. ज नव्हता.

ती खुर्चीवर बसली. बाहेर व्हरांड्यात मुलं हसत होती, त्यांचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटत होता. गुरुवारी तिची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती, आणि शुक्रवारीच परीक्षकांची मेल आली होती: मूळ कार्डं सोबत आणावीत.

रुपाली मुरूमकर सहा वर्षं एका प्रश्नाच्या मागे होती. समीक्षक सुपरहिरोंच्या सिनेमांना जे गुण देतात, त्यावरून तो सिनेमा प्रेक्षकांना किती आवडेल हे सांगता येतं का? माहेरी हसायचे. "पिक्चर बघून कोणी डॉक्टर होतं का गं?" म्हणून आत्यानं भर पंगतीत विचारलं होतं. पण रुपालीनं चिकाटी सोडली नाही. तीन वर्षं, अकरा सिनेमे. दर वेळी मीनाक्षी टॉकीजच्या दाराशी उभं राहून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या हातात तिनं कार्डं दिली. गावाचं नाव लिहा, दहापैकी गुण लिहा. अशी तीन हजारांवर कार्डं जमली. दुसऱ्या बाजूला सहा वर्तमानपत्रांतल्या समीक्षकांच्या गुणांची सरासरी.

उत्तर आलं ते सगळ्यांना चकित करणारं होतं. दोन्हींचा संबंध शून्य पूर्णांक एक दोन. एक आला असता तर समीक्षकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शून्य म्हणजे नुसती हवा. ही जवळजवळ हवाच होती. नगरच्या एका पेपरात मथळा आला: 'समीक्षक आपटले, जामखेडकर जिंकले!' प्राचार्यांनी ते कात्रण फळ्यावर लावलं.

आणि हे उत्तर उभं होतं ते मुख्यतः तीन सिनेमांवर. समीक्षकांनी झोडपलेले आणि जामखेडनं डोक्यावर घेतलेले तीन सिनेमे.

घ, च आणि ज.

कार्डं नाहीत म्हणजे पुरावा नाही. पुरावा नाही म्हणजे 'आकडे घरी बसून रचले' असं म्हणायला कोणीही मोकळं. तिनं पेटीला पुन्हा कुलूप लावलं, का ते तिचं तिलाही कळलं नाही, आणि ती ग्रंथालयाकडे जवळजवळ पळतच निघाली.

२

शरिफा तांबोळी सव्वीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथपाल होत्या. सगळे त्यांना आपा म्हणत. एकदा संदर्भग्रंथातली फाडलेली पानं त्यांनी चार दिवसांत शोधून काढली होती, तीही कोणावर आवाज न चढवता. कॉलेजात काही हरवलं की लोक पोलिसांच्या आधी आपांकडे जात.

त्यांनी रुपालीला पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"कुलूप तुटलेलं नाही?"

"नाही."

"म्हणजे किल्लीनं उघडलं. एक किल्ली तुझ्या जुडग्यात. दुसरी माझ्या या खणात." त्यांनी खण उघडून किल्ली दाखवली. "तेव्हा पहिली संशयित मी. तसं धरून चाल."

"काय बोलताय आपा!"

"बरोबर बोलतेय. आता सांग, गठ्ठ्यावर सिनेमाचं नाव असतं?"

"नाही. फक्त अक्षर. कोणतं अक्षर म्हणजे कोणता सिनेमा, ती यादी माझ्या लॅपटॉपमध्ये आहे."

आपांनी मान हलवली आणि शिपायाला हाक मारली. मच्छिंद्र. गेटावरही तोच असायचा.

"मच्छिंद्र, शनिवार-रविवारी मॅडमच्या खोलीकडं कोण फिरकलं होतं?"

"शनवारी दोघं आल्तं," मच्छिंद्र म्हणाला. "टॉकीजवालं कारभारी, अन् नगरचं ते पेपरवालं. चष्मेवालं. मॅडम वर्गावर हुत्या, दोघंबी खोलीत बसून गेलं."

"आणि रविवारी?"

"रविवारी बाहेरचं कुनीबी न्हाई आलं."

दुपारी दोघी मीनाक्षी टॉकीजला गेल्या. बाराचा खेळ चालू होता, आतून स्फोटांचे आवाज येत होते. कारभारी ढवळे तिकीट खिडकीमागे शेंगा सोलत बसले होते. साठीचा माणूस, पांढरी टोपी, बोलायला मोकळा.

"या मॅडम! बसा. अवो, मिरजगावच्या लग्नाला तुमी दिसला न्हाई? आमच्या भाच्याचं लगीन, अन् तुमी चार दिसांनी पोचला म्हनं! मांडव बी उठल्याला."

रुपाली ओशाळली. "तारीख चुकली काका आमची. सुनीलनं, माझ्या नवऱ्यानं, फोनमध्ये भलतीच टाकून ठेवली होती."

"हुतंय तसं," म्हणत कारभारी हसले. आपांनी मात्र हातातली शेंग तशीच ठेवून रुपालीकडे पाहिलं. मग त्या कामाचं बोलल्या.

"शनिवारी कॉलेजात कशाला आला होता?"

"त्ये पेपरातलं कात्रन मागाया. मोठं करून दारावर लावायचं हाय. लोकं वाचत्यात, म्हनत्यात आपलं गाव लई शाहनं."

"मॅडमची तीन सिनेमांची कार्डं गेलीत." आपांनी तिन्ही सिनेमांची नावं सांगितली.

कारभारींचा हात थांबला. त्यांनी खिडकीतून बाहेर कोणी ऐकत नाही ना, ते बघितलं.

"मॅडम, रागावू नगा. पन त्या तिन्ही पिच्चरचं मला पैल्यापास्नं कोडं हाय. तुमच्या पेपरात आलं, लोकांनी डोक्यावर घेतलं. मंग माझ्या टॉकीजात शिट्टी का वाजली न्हाई? त्यो घुबडमानसाचा पिच्चर तर मी नवव्या दिवशी उतरवला. लोकं निम्म्यातनंच उठून जात हुती."

३

राधाकृष्ण कुलथे नगरच्या दैनिकात अठरा वर्षं सिनेमावर लिहीत होते. ज्या सहा समीक्षकांचे गुण रुपालीनं घेतले, त्यात ते एक होते. त्यांची लेक जामखेडलाच दिली होती आणि ते चार दिवस तिच्याकडे राहायला आले होते. मंगळवारी सकाळी अंगणातल्या बाजेवर त्यांनी दोघींना बसवलं. चहा आला. रुपालीनं तो तसाच ठेवला. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, सुनीलनं दोनदा विचारलं होतं, "बरं वाटत नाही का?" गठ्ठ्यांचं तिनं त्याला सांगितलं, तर तो काही बोललाच नाही, नुसता तिच्या पाठीवर हात ठेवून पडून राहिला.

"हो, मी कार्डं बघायलाच आलो होतो," कुलथ्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं. "त्या मथळ्यानंतर संपादकांनी मला विचारलं, मग तुमचं सदर कशासाठी चालवायचं? अठरा वर्षांनंतर हे ऐकायचं म्हणजे..." त्यांनी चष्मा पुसला. "मला राग होता. पण चोरी करायला मी काय खुळा आहे? मला ती कार्डं जगासमोर यायला हवी होती."

"का?" आपांनी विचारलं.

"कारण घुबडमाणूस मी इथंच पाहिला, मीनाक्षीत, जावयाबरोबर. रविवारचा खेळ, आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं भरलेली. माझ्या शेजारी एक बाई मध्यंतरापासून चक्क घोरत होत्या. बाहेर पडताना एक जण मित्राला म्हणाला, तिकिटापेक्षा भेळ खाल्ली असती. आणि मॅडमच्या प्रबंधात त्याच खेड्यांतल्या माणसांनी त्याला आठ-आठ गुण दिलेत!"

रुपालीचा आवाज चढला. "म्हणजे मी खोटे आकडे लिहिले, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी एवढंच म्हणतो," कुलथे शांतपणे म्हणाले, "की तुमचे तीन गठ्ठे चोरीला गेले, हे तुम्ही सांगताय. ते गठ्ठे मुळात होते, हे कोणी पाहिलंय?"

बाहेर आल्यावर रुपाली रस्त्यातच थांबली. कुलथ्यांचा प्रश्न कडू होता, पण परीक्षकही हाच विचारणार होते, ह्याच शब्दांत. आणि त्याहून भयंकर गोष्ट तिच्या मनात शिरली होती. कारभारी खोटं बोलत नव्हते. कुलथेही नाही. मग तिचे आकडे खोटं बोलत होते का?

"आपा, मी वेडी तर होत नाही ना? कार्डं होती. माझ्या हातानं गोळा केलीत मी."

"होती," आपा म्हणाल्या. "चोरही आहे. चल, ग्रंथालयात. मला ते आकडे बघायचेत."

४

आपांना संख्याशास्त्र येत नव्हतं. त्यांनी सांगितलं तेवढंच: प्रत्येक सिनेमाला किती जणांनी एक दिला, किती जणांनी दोन, असं दहापर्यंत साध्या कागदावर काढून दे. खेड्यातली माणसं वेगळी, जामखेडची वेगळी.

रुपालीनं कागद काढून दिले आणि सवयीनं समजावू लागली. "या तीन सिनेमांत प्रेक्षकांचे दोन तट पडलेत, बघा. जामखेडच्या पोरांनी कमी गुण दिलेत, खेड्यातल्यांनी भरभरून. प्रबंधात एक अख्खं प्रकरण आहे यावर. गावाकडच्या माणसाला नायकाचं अचाट बळ भावतं, समीक्षकाला ते कळत नाही, असं."

आपा ऐकत नव्हत्या. त्यांचं बोट कागदावर सरकत होतं. ग गठ्ठ्याचा कागद, मग घ गठ्ठ्याचा. पुन्हा ग. पुन्हा घ.

"रुपाली, घ मध्ये खेड्यातली कार्डं किती?"

"एकशे साठ."

"त्यात तीन गुण देणारे एकोणतीस. पाच देणारे तेहेतीस. आठ देणारे चौऱ्याऐंशी." आपांनी मान वर केली. "आणि चार देणारे?"

रुपालीनं पाहिलं. "तीन."

"एकोणतीस माणसं तीनच्या पायरीवर उभी. तेहेतीस पाचच्या पायरीवर. मधल्या पायरीवर फक्त तिघं? च मध्ये बघ. तिथंही चारची पायरी ओस. ज मध्येही. बाकीच्या आठ गठ्ठ्यांत मात्र चारला माणसं आहेत, भरपूर आहेत."

हे आकडे रुपालीनं शेकडो वेळा पाहिले होते. पण तिनं पाहिली ती सरासरी. पायऱ्या तिनं पाहिल्याच नव्हत्या.

आपांनी पेन उचलून कागदावर एक आकडा काढला, घाईत, गेटावर उभ्यानं एखादा माणूस काढेल तसा. ४. वरचं तोंड जरा मिटलेलं.

"हा किती?"

"चार."

"तुला चार. मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही चार. पण लहानपणापासून इंग्रजी आकडेच गिरवलेत, अशा माणसानं कार्डांच्या ढिगात हा बघितला तर?"

रुपालीनं त्या आकड्याकडे टक लावून पाहिलं. आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याचा आठ झाला.

"गावाकडची माणसं मराठी आकडा लिहितात," आपा सावकाश म्हणाल्या. "पोरं इंग्रजी. म्हणून तुझे दोन तट. आवडीचे नाहीत ते, लिपीचे आहेत. आता दुसरं. चोरानं अकरातून नेमके हेच तीन नेले. गठ्ठ्यावर नाव नाही, अक्षराची यादी तुझ्या लॅपटॉपमध्ये. कारभारींना घ म्हणजे कोणता सिनेमा ते ठाऊक नाही. कुलथ्यांनाही नाही. त्यांनी पेटीच उचलली असती. या तीन गठ्ठ्यांची अक्षरं त्यालाच पाठ, ज्यानं ती कार्डं कॉम्प्युटरवर भरली. बेटा, हे तीन गठ्ठे कोणी भरले?"

"मीच. सगळे मीच..." रुपाली बोलता बोलता थांबली.

गेल्या वर्षीचा पावसाळा. आईचं ऑपरेशन. सहा आठवडे ती नगरच्या दवाखान्यात, आईच्या उशाशी. तीन गठ्ठे भरायचे राहून गेलेले. आणि फोनवरचा आवाज: तू काळजी करू नकोस, मी भरून टाकतो.

दारातून मच्छिंद्र चालला होता. आपांनी त्याला थांबवलं.

"मच्छिंद्र, रविवारी बाहेरचं कोणी आलं नाही म्हणालास. आणि आतलं?"

"आतलं व्हय? मॅडमचं मालक येऊन गेलं की. चार्जर ऱ्हायला हुता म्हनं. त्यास्नी काय बाहेरचं म्हनायचं?"

५

सुनील मुरूमकरचे वडील रेल्वेत होते, म्हणून तो सिकंदराबादला वाढला. मराठी झकास बोलायचा, पण वाचायचा ते बोट ठेवून. लग्नाआधी रुपालीला त्याचं ते अडखळणं फार गोड वाटलं होतं. आता तो घरूनच एका कंपनीचं काम करायचा.

ती घरी आली तेव्हा साडेपाच वाजले होते. तो स्वयंपाकघरात भाजी चिरत होता. गेले काही दिवस तो आपणहून चहा करायचा, भाजी आणायचा. तिला वाटत होतं, परीक्षेसाठी सांभाळून घेतोय.

तिनं पर्समधला कागद काढून ओट्यावर ठेवला. आपांनी काढलेला तो एकच आकडा.

"हा किती आहे, सुनील?"

त्यानं कागदाकडे पाहिलं. विळी बाजूला सरकवली. हात धुतले, पुसले. एवढं सगळं करूनही त्याला तिच्याकडे बघता येईना.

"मिरजगावला कळलं मला," तो म्हणाला. "मांडवाच्या जागी नुसते खड्डे होते, तेव्हा मी हसलो. तू म्हणालीस, पत्रिकेवर चार तारीख होती, तू आठ कशी वाचलीस? गाडीत बसलो आणि हसू थांबलं. एकदम ती कार्डं आठवली. दुसऱ्या दिवशी तुला घ्यायला आलो, तू वर्गावर होतीस, टेबलावरच्या तुझ्या जुडग्यातल्या किल्लीनं मी पेटी उघडून पाहिली. सगळीकडे चार होते गं. शेकडो चार."

"तीन आठवडे झाले त्याला."

"रोज सांगणार होतो."

"रोज!"

"तुझं नाव पेपरात आलं होतं. तुझ्या आईनं कात्रण उशाखाली ठेवलंय. मी कोणत्या तोंडानं सांगू, की ते माझ्या चुकीमुळं आलंय? मग ती मेल आली. मला काही सुचेना. रविवारी तुझं जुडगं घेऊन गेलो आणि गठ्ठे घरी आणले. फाडणार होतो. हात धजावला नाही."

माळ्यावरच्या कूलरच्या खोक्यातून त्यानं तिन्ही गठ्ठे काढून आणले. रबरंसुद्धा तशीच होती.

"रुपाली, ऐक. अजूनही सांगता येईल की हरवले. हरवणं गुन्हा नाही. फार तर ओरडतील. फाईलमधले आकडे आहेतच, पदवी मिळून जाईल. कोणाला कळणार आहे?"

आणि खरं सांगायचं तर, रुपालीच्या मनात तो विचार आला. सहा वर्षं. नोकरी कायम व्हायची ती या पदवीवर. आईचा चेहरा. फळ्यावरचं कात्रण. गॅसवरच्या कुकरची शिट्टी होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. शिट्टी झाली, तसा तिनं हात पुढे केला आणि गठ्ठे घेतले.

"चूक तुझ्या डोळ्यांची झाली," ती म्हणाली. "आणि ती तपासली नाही, ही माझी. त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही. पण पुढचे तीन आठवडे, सुनील? मी रात्रभर जागी होते, कुलथे मला खोटारडी म्हणाले, आणि तू माझ्या पाठीवर हात ठेवून पडला होतास. ते डोळ्यांनी नाही केलं."

त्यानं पुढे होऊन गॅस बंद केला.

६

बुधवारी सकाळपासून आपा आणि रुपाली ग्रंथालयात बसल्या. आपा एकेक कार्ड वाचायच्या, रुपाली भरायची. ज्या आकड्याबद्दल दोघींचं एकमत होईना, ती कार्डं वेगळी ठेवली. अशी अकरा निघाली. दुपारी चारच्या सुमारास रुपालीनं बटण दाबलं आणि पडद्यावर नवं उत्तर आलं.

शून्य पूर्णांक सहा चार.

तिनं खुर्चीला पाठ टेकली. म्हणजे समीक्षक आपटले नव्हते. त्यांनी पाडलेला सिनेमा जामखेडनंही बहुतेक वेळा पाडला होता. त्यांनी उचललेला जामखेडनंही बहुतेक वेळा उचलला होता. अगदी काळ्या दगडावरची रेघ नव्हे, पण हवाही नव्हे. खेडं आणि शहर यांच्या आवडीचं ते अख्खं प्रकरण मात्र वाफेसारखं उडून गेलं होतं.

"रडतेस?" आपांनी विचारलं.

"नाही. भीती वाटतेय."

"वाटू दे. पेटी मात्र आठवणीनं घे."

गुरुवारी विद्यापीठात परीक्षक म्हणून ज्या बाई होत्या, त्या किडकिडीत, पांढऱ्या केसांच्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. रुपालीनं नमस्कार केला, पेटी टेबलावर ठेवली आणि तयार केलेलं भाषण बाजूला सारून पहिलंच वाक्य म्हणाली:

"माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष चुकीचा आहे. का चुकला, ते आधी सांगते."

तिनं सगळं सांगितलं. चारचा आकडा, तीन गठ्ठे, नवं उत्तर, बाजूला ठेवलेली अकरा कार्डं.

"ही कार्डं कोणी भरली होती?"

"माझ्या नवऱ्यानं. तपासायची जबाबदारी माझी होती. मी तपासली नाहीत."

"आणि मध्यंतरी ती कुठे होती?"

"घरी. लपवलेली. मला मंगळवारी कळलं."

बाईंनी घ गठ्ठ्याचं रबर काढलं, वरची दहा-बारा कार्डं चाळली, आणि आपल्या वहीचं एक पान तिच्याकडे फिरवलं. त्यावर पेन्सिलीनं एक ओळ होती: 'घ, च, ज – चार कुठे गेले?'

"तुम्ही पाठवलेली आकड्यांची फाईल चाळताना हे खटकलं. कार्डं मी त्यासाठीच मागवली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही आज 'हरवली' म्हणाला असतात, तर मी आकडे रचल्याचा शेरा मारून उठणार होते. तसं लिहूनही आणलं होतं."

रुपालीनं टेबलाची कड धरली.

"सहा महिने घ्या. अकराही गठ्ठे नव्यानं भरा, दोन माणसांनी, एकमेकांचं न बघता. आणि हा ट गठ्ठा?" बाईंनी नवा तक्ता पुढे ओढला. "समीक्षकांनी पाच दिलेत, तुमच्या लोकांनी साडेआठ. इथंही आकडा चुकलाय?"

"नाही. तो मी स्वतः भरलाय, काल पुन्हा तपासला. ते खरेच आठ आणि नऊ आहेत. त्या सिनेमात सुपरहिरो एक म्हातारी आहे. लोक घरातल्या आयांना, सासवांना घेऊन आले होते. कित्येक जणी पहिल्यांदाच टॉकीजमध्ये आल्या होत्या."

परीक्षक बाई पहिल्यांदाच किंचित हसल्या. "मग अंदाज कुठे चुकतो आणि का, त्यावर लिहा. उडालेल्या प्रकरणाच्या जागी ते बसेल."

ती बाहेर आली तेव्हा सुनील झाडाखालच्या बाकावर बसला होता. पहाटेपासून गाडी त्यानंच चालवली होती. दोघांत मोजून पाच वाक्यं झाली असतील. तो उठून उभा राहिला, पण पुढे आला नाही.

"सहा महिने," ती म्हणाली. "सगळं पुन्हा भरायचं. दोन माणसांनी."

त्याच्या छातीतून मोठा श्वास सुटला. मग त्यानं दबकत विचारलं, "दुसरं माणूस कोण?"

"ठरवलं नाही. कोणीही चालेल. एकच अट आहे, चुकलं की त्याच दिवशी सांगणारं पाहिजे."

सुनीलनं मान खाली घातली. बुटाच्या टोकानं मातीत रेघ ओढली. मग एकदम वर बघून म्हणाला, "मग आजचं सांगून टाकू?"

रुपालीनं लगेच विचारलं, "आता काय?"

"गाडी लावताना मागच्या स्कूटरला घासली. आरसा तुटला. मालक सापडला नाही, म्हणून माझं नाव आणि नंबर लिहून चिठ्ठी सीटखाली खोचून आलोय."

मग तिला हसू आलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच तिला कडकडून भूक लागल्याचं जाणवलं.

"चल," ती म्हणाली, "आधी त्या स्कूटरवाल्याला शोधू."